चव्वेचाळीस छातीची खिडकी

मास्तरांना माणूस आधी मापात दिसतो, मग चेहऱ्यात. समोरून कोणी आलं की 'छाती अडतीस, डावा खांदा अर्धा इंच खाली' एवढं आधी त्यांच्या डोक्यात उमटतं, आणि मग कुठे 'अरे, हा तर आपला मेहुणा' हे लक्षात येतं. एकतीस वर्षं कोट शिवणाऱ्या दुकानात मापं घेण्याचं काम केल्यावर दुसरं काय होणार. गळ्यात टेप नसेल तर त्यांना उघड्यावर आल्यासारखं वाटतं, म्हणून ती सुट्टीच्या दिवशीही गळ्यातच असते. बायकोची त्यावर हरकत नाही. बाजारात नवरा गर्दीत हरवला तर पिवळी टेप लांबून दिसते, असं ती म्हणते.

बायको इस्पितळात नर्स. त्यामुळे गल्लीसाठी नवरा मास्तर आणि बायको सिस्टर. नव्याने राहायला आलेल्यांना पहिले काही दिवस वाटतं की दुसऱ्या मजल्यावर शाळा आणि दवाखाना एकत्रच चालतात.

उन्हाळ्यात कोट कोण शिवतं? म्हणून दुकानाचे मालक ते तीन महिने शनिवार-रविवार दुकान बंद ठेवतात. आणि मास्तरांना दोन दिवस मोकळे मिळाले की त्यांचे हात शिवशिवायला लागतात. एका उन्हाळ्यात त्यांनी चपलांचा स्टँड केला. तो अजून आहे, फक्त चपला ठेवल्या की पुढे झुकून पाहुण्यांना नमस्कार करतो. पुढच्या उन्हाळ्यात न्हाणीघरात फळी लावली, तिच्यावरून साबण आपोआप घसरून हातात येतो. मास्तर याला सोय म्हणतात. त्यानंतर घडीचं टेबल झालं. ते मनात येईल तेव्हा स्वतःची घडी घालतं, एकदा तर गरम सुपासकट घातली. एकूण काय, ते घर थंडीची वाट बघायला शिकलं होतं.

या उन्हाळ्यातलं काम मात्र हौसेचं नव्हतं.

सिस्टर नवजात बाळांच्या वॉर्डात होत्या. वेळेआधी आलेली, तळहातात मावतील अशी बाळं तिथे काचेच्या पेटीत असतात. दोन नर्स नोकरी सोडून गेल्यापासून सिस्टरना सलग रात्रपाळी लागली होती. त्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. रात्री वॉर्डात माणसं कमी असतात, त्यामुळे बाळांचं ऐकू येतं, असं त्या म्हणायच्या. अडचण दिवसाची होती. सकाळी साडेनऊला त्या अंथरुणावर पडायच्या आणि दहाला समोरचा ग्रिलवाला दुकान उघडायचा. लोखंड कापायचं त्याचं यंत्र सुरू झालं की ग्लासातलं पाणी थरथरायचं. वर दुपारपर्यंत थेट उशीवर ऊन. दोन तास, फार तर अडीच, एवढीच झोप व्हायची. तीही तुकड्यातुकड्यांत.

पहिल्या शनिवारी मास्तरांनी ठरवलं, खिडकीवर जाड चादर ठोकून टाकू. सिस्टर झोपल्यावर गुपचूप लावायची, म्हणजे उठल्यावर त्यांना आश्चर्य वाटेल. अकराच्या सुमारास ते पायात मोजे चढवून, चोरपावलांनी खोलीत गेले. स्टुलावर चढले. चार खिळे ओठांत धरले आणि पहिला ठोकला.

सिस्टरनी डोळे उघडले. "काय करताय?"

तोंडात खिळे असल्यामुळे मास्तरांनी हातोडीनेच खिडकी दाखवली.

"झोपलेल्या माणसाच्या उशाशी खिळे ठोकायचं सुचतं तरी कसं हो तुम्हाला?"

मास्तरांनी खिळे हातात घेतले. "हळू मारला."

तेवढ्यात हळू मारलेला खिळा भिंतीतून निघून खाली पडला.

"मारा आता बाकीचेही," सिस्टर म्हणाल्या, "उठलेच आहे मी."

स्वयंपाकघरात चहा करताना मास्तर बोलणी खायची तयारी करून बसले होते. पण बोलणी आलीच नाहीत. पंचवीस वर्षांच्या संसारात बायको गप्प बसली की काहीतरी मोठं असतं एवढं त्यांना कळत होतं. सिस्टरनी पर्समधून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"काय हे?"

"अर्ज. रेकॉर्ड विभागात बदली द्या म्हणून."

"रेकॉर्ड म्हणजे ते तळघरातलं?"

"दहा ते सहा ड्यूटी असते. रात्री घरी."

"आणि बाळं?"

"फायली सांभाळायच्या. फायली रडत तरी नाहीत." हे म्हणताना सिस्टर चहाच्या कपात बघत होत्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन दिवसांपूर्वी त्यांनी तीन नंबरच्या बाळाचं वजन चार नंबरच्या कागदावर लिहिलं होतं.

"मग?"

"मग मलाच दिसलं. खोडलं, नीट लिहिलं, मोठ्या सिस्टरना जाऊन सांगितलं. मिनिटभरात सगळं."

"झालं तर मग."

"काय झालं तर मग? वजनावरून औषध ठरतं त्यांचं. थेंबाथेंबाने देतो आम्ही. तुमच्यासारखं चार इंच सैल सोडून चालत नाही तिथे. एक मिनिट तो कागद चुकीचा होता, आणि त्या मिनिटात मी त्याच्याकडे बघत उभी होते. मला दिसतच नव्हतं."

मेट्रननी त्यांना महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत वेळ दिला होता. पुढच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता त्या संध्याकाळी लागायचा. म्हणजे हातात सोळा दिवस होते.

सिस्टरना त्या वॉर्डात अकरा वर्षं झाली होती. तिथून बरी होऊन गेलेली मुलं आता शाळेत जातात, आणि त्यातली काही रस्त्यात भेटली की सिस्टर त्यांचं जन्माचं वजन सांगतात, मुलं लाजतात. ही बाई तळघरात फायलींवर नंबर टाकत बसलेली मास्तरांना डोळ्यांसमोर आणताच येईना.

"मी तुला झोपायची खोली करून देतो," ते म्हणाले. "अंधार आणि शांत. सोमवारच्या आत."

सिस्टरनी चपलांच्या स्टँडकडे एकवार बघितलं. "करा. फक्त ठोकू नका."

बोलायला काय जातं. मास्तर मोकळे असायचे शनिवार-रविवारी दिवसा, आणि दिवसा तर सिस्टर झोपायच्या. शांत खोली करायची तर करवत चालवायला हवी, भोकं पाडायला हवीत, आणि ते सगळं जी झोपलेली आहे तिच्या कानाशी. कोट अंगावर घातलेल्या माणसाला न हलवता तो कोट शिवून काढण्यासारखं ते होतं.

त्यात आई. मास्तरांच्या आईला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली होती आणि ऐकायला कमी यायचं. आपल्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, म्हणजे दुसऱ्यालाही आपलं ऐकू येत नसणार, असा त्यांचा पक्का समज. सुनेची झोप होत नाही याची त्यांना मनापासून काळजी, म्हणून दर अर्ध्या तासाने त्या खोलीच्या दाराशी जाऊन, खालच्या मजल्यालाही कळेल अशा आवाजात विचारायच्या, "झोप लागली का गं?"

आतून आवाज यायचा, "हो."

"आई, तिला झोपू दे ना," मास्तर म्हणायचे.

"झोपलीये ती. आत्ताच म्हणाली मला."

रविवारी मास्तर गल्लीच्या टोकाला मिस्त्रींच्या शेडवर गेले. मिस्त्री म्हणजे सुतार, मास्तरांचा शाळेपासूनचा मित्र. एका बाकावर बसून दोघे एकाच वर्षी नापास झाले होते, त्यामुळे मैत्री घट्ट. मिस्त्रींचं काम काटेकोर. कानामागे टोक केलेली पेन्सिल आणि डोळ्यात कायम एक संशय, की समोरचा माणूस मोजण्यात चुकला असणार. मास्तरांनी त्यांना बेत सांगितला: खिडकीच्या चौकटीत आतून बसतील असे प्लायवूडचे दोन पल्ले, त्यांच्यावर लोकरीच्या कापडाची जाड गादी. पल्ले लावले की अंधार, गादीमुळे शांतता.

"हे तुझं तुला सुचलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो. का?"

"नाही, बरं आहे म्हणून विचारलं. माप आण. मी येऊन घेतो म्हटलं असतं, पण माझे बूट वाजतात."

मास्तर घरी आले, मोजे घातले, खोलीत शिरले. सिस्टर पालथ्या झोपल्या होत्या, कानावर उशी. मास्तरांनी टेप खिडकीवर धरली, ओठ हलवत आकडा वाचला, चिठ्ठीवर लिहिला. मग उभी लांबी. टेपचा पत्रा चौकटीला लागून टिक् वाजला तेवढाच आवाज. बाहेर येऊन त्यांनी श्वास सोडला. आयुष्यात खूप मापं घेतली होती, पण झोपलेल्या माणसाला न उठवता त्याच्या खिडकीचं माप घेणं पहिल्यांदाच. चिठ्ठी त्यांनी मिस्त्रींना नेऊन दिली. मिस्त्रींनी ती खिळ्याला टोचून ठेवली.

तो आठवडा कठीण गेला. बुधवारी सिस्टर वेणी घालायला आरशापुढे बसल्या आणि हात डोक्यावर तसेच ठेवून झोपी गेल्या. मास्तरांनी त्यांना उठवलं नाही. नुसतं कोपरांखाली हात धरून उभे राहिले, दहा मिनिटं. खांदे अवघडले, पण हलले नाहीत. आईंनी येऊन विचारलं, "हे काय नवीन?" आणि मग अर्थातच सिस्टर जाग्या झाल्या.

दुसरा शनिवार-रविवार मास्तरांनी मिस्त्रींच्या शेडमध्येच काढला. पल्ले कापून तयार होते. दुकानातून त्यांनी कोटांच्या कापडाच्या चिंध्या पोतं भरून आणल्या होत्या. एरवी त्या गादीवाला घेऊन जातो. करडी, निळी, काळी, बारीक चौकड्यांची. त्यांचे चौकोन कापून, चार थर एकावर एक ठेवून ते हाताने टाके घालत बसले. घरचं शिवणयंत्र घरी चालवायची सोय नव्हतीच.

"एवढ्या कापडात तीन माणसांचे कोट झाले असते," मिस्त्री म्हणाले.

"झाले असते. पण उन्हाळ्यात घालणार कोण?"

"तू मला शिवून दिलेला घालतोय की मी अजून. लग्नातला. तेव्हा म्हणालास, पुढे अंग भरेल, सैल ठेवतो. तीस वर्षं वाट बघतोय मी. अंग भरायचं नाव नाही, कोट मात्र माझ्याभोवती फिरतो."

"अजून वेळ गेली नाही," मास्तर म्हणाले, आणि सुई ओवली.

शेडवरून जाणारा प्रत्येकजण थांबून विचारायचा, हे काय. मास्तर म्हणायचे, खिडकीला कोट. लोक हसायचे. रविवार संध्याकाळपर्यंत दोन गाद्या झाल्या, पल्ल्यांच्या बरोबर मापाच्या, टाके एका रेषेत. मिस्त्रींनी त्यावरून हात फिरवला आणि काही बोलले नाहीत. ते कौतुक असतं हे मास्तरांना माहीत होतं.

तिसऱ्या शनिवारी साडेदहाला दोघांनी पल्ले जिन्यावरून वर आणले. मिस्त्रींनी बूट खाली पायरीवरच काढले. समोर ग्रिलवाल्याचं यंत्र किंचाळत होतं, त्यामुळे पावलांची भीती नव्हती. खोलीत सिस्टर डोळ्यांवर ओढणी बांधून पडल्या होत्या. दोघांनी मिळून पहिला पल्ला उचलला, चौकटीपाशी नेला, आणि तो आत गेला नाही. तिरपा केला, तरी नाही. उलटा केला. मिस्त्रींनी पल्ला खाली ठेवला, खिशातून स्वतःची पोलादी टेप काढली, खिडकी मोजली, मग चिठ्ठी काढून वाचली.

"हे अक्षर कोणाचं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"माझं."

"इथे चव्वेचाळीस लिहिलंय. खिडकी चाळीस आहे."

"हो ना, चाळीस," मास्तर कुजबुजले. "म्हणजे चव्वेचाळीस."

"म्हणजे काय, म्हणजे?"

मास्तरांनी चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. एकतीस वर्षं त्यांनी छातीचा खरा आकडा कधी लिहिलाच नव्हता. डोळे चाळीस वाचायचे आणि हात चव्वेचाळीस लिहायचा, कारण दुकानात कापणारा लिहिलं तेवढंच कापतो आणि सैल धरून लिहिणं हे माप घेणाऱ्याचं काम. हाताने खिडकीलाही तेच केलं होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आज गिऱ्हाईक लाकडाचं आहे.

"सैल धरून," मास्तर म्हणाले.

"सैल? खिडकी काय जेवून येणार आहे?"

"सवय रे."

"आणि लांबीला तीन इंच जास्त, ते कशाला?"

"ते... खाली दुमडायला."

मिस्त्रींनी पल्ल्याकडे बघितलं. जाडजूड प्लायवूड. "दुमड," ते म्हणाले. "मी थांबतो."

"तू लिहिलं तेवढं कसं कापलंस? एवढी मोठी खिडकी कधी बघितलीस का या घरात?"

"मला वाटलं, मापाचं काम करणारा माणूस आहे, माप तरी येत असेल."

"आता चारही बाजूंनी कापून दे ना."

"आणि तुझी गादी? तीही कापणार? टाके उसवतील सगळे. परत शिवायला दोन दिवस. सोमवार परवा आहे."

पलंगावरून आवाज आला. "दोघांनी बाहेर जाऊन भांडा, नाहीतर मोठ्याने तरी भांडा. कुजबुजण्यानेच जास्त जाग येते."

 सिस्टर उठून बसल्या, ओढणी कपाळावर सरकवली. डोळे लाल होते. पल्ला बघितला, खिडकी बघितली, मास्तरांचा चेहरा बघितला. त्या ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. मास्तरांच्या मनात एकच आलं, आता ही सोमवारी तो कागद देणार, आणि तो माझ्या अक्षरामुळे.

"मोठं झालंय ना?" सिस्टर म्हणाल्या. "तसंच धरा बघू खिडकीवर. आत नाही, वरून. भिंतीला टेकवून."

दोघांनी पल्ला उचलून खिडकीवरून धरला. खोलीचा तेवढा अर्धा भाग काळाकुट्ट झाला.

"झालं की," सिस्टर म्हणाल्या.

"झालं काय वहिनी, हे आत बसत नाही," मिस्त्री म्हणाले.

"आत बसायला कशाला पाहिजे? जखमेच्या मापाची पट्टी कोणी लावतं का? चारही बाजूंनी चांगली अंगावर घ्यावी लागते, तर आत काही जात नाही. जखमेएवढीच कापून लावली तर तासाभरात कडेने उघडते. पहिल्या वर्षाला शिकवतात आम्हाला."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. थोडा वेळ भिंतीवर हात फिरवत राहिले. "चौकटीत बसवलं असतं तर कडेला काडीएवढी फट ठेवावीच लागली असती," ते सावकाश म्हणाले. "लाकूड फुगतं. त्या फटीतून ऊन आलं असतं आणि त्या ग्रिलवाल्याचं यंत्रही."

"म्हणजे माझं बरोबरच होतं," मास्तर म्हणाले.

"तुझं चुकलंच. वहिनींचं बरोबर आहे."

मग काम भराभर झालं. खिडकीच्या दोन्ही अंगांना भिंतीत लाकडी पट्ट्या बसवायच्या, त्यांना बिजागऱ्या, बिजागऱ्यांना पल्ले. दोन पल्ले मधे एकमेकांवर इंचभर चढत होते. मिस्त्री म्हणाले, मधली कड तरी कापू. मास्तरांनी त्यांना हातच लावू दिला नाही. कोटाच्या पुढच्या बाजूही एकावर एक चढतातच, नाहीतर वारा कुठून आत जातो. एकतीस वर्षांत त्यांना खात्रीने माहीत असलेली ही एक गोष्ट होती आणि ती पहिल्यांदाच घरात उपयोगी पडत होती.

भिंतीला आठ भोकं पाडायची होती. "आत्ताच पाडा," सिस्टर म्हणाल्या. "आजची झोप तर गेलीच. उद्याचं बघू." आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन टेबलावर डोकं टेकवून बसल्या. टेबलाने त्या दिवशी घडी घातली नाही, एवढे उपकार केले. मिस्त्रींनी हाताचं गिरमिट चालवलं. आई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "किती दिवसांनी हे घर शांत वाटतंय."

रविवारी मास्तर एकटेच होते. गाद्या पल्ल्यांना लावायच्या होत्या आणि सिस्टर झोपल्या होत्या, म्हणून सगळं काम बाहेरच्या खोलीत. बिजागरीची खीळ काढून एकेक पल्ला बाहेर आणायचा, जमिनीवर आडवा टाकायचा, गादी पसरायची, कडेने गोंद, मग पितळी टाचण्या अंगठ्याने दाबून बसवायच्या. हातोडी नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचा अंगठा सुजला. भिंतीला टेकणाऱ्या कडेला त्यांनी काळ्या लोकरीची गुंडाळी शिवली, कॉलरला शिवतात तशी, म्हणजे पल्ला मिटला की ती दबून बसेल. हवेसाठी दाराच्या वरचा झरोका होता, तो तसाच ठेवला. पंखा होताच.

चार वाजता सिस्टर उठल्या. बऱ्यापैकी झोप झाली होती. पण त्यात काही अर्थ नव्हता, रविवारी ग्रिलवाला बंद असतो. दोघांनाही ते माहीत होतं. रात्री ड्यूटीवर जाताना सिस्टरनी पर्स उघडून कागद आहे ना बघितलं आणि पर्स बंद केली. मास्तर चपलांच्या स्टँडला टेकू देत उभे होते.

सोमवारी दुकानात एकच गिऱ्हाईक आलं, थंड प्रदेशात नोकरी लागलेला एक तरुण. मास्तरांनी त्याची छाती मोजली, छत्तीस लिहिलं, मग चाळीस लिहिलं, मग बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत राहिले. शेवटी मालकांना विचारलं, "हा माणूस श्वास घेतो ना?" मालकांनी त्यांना लवकर घरी जायला सांगितलं. मास्तर गेले नाहीत. दुपारी घरी जाऊन काय कळलं असतं? ती जागी असली तर कळायला घाई नव्हती.

साडेसहाला ते जिना चढले. आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"किती वाजता उठली?" मास्तरांनी खुणेने विचारलं.

"कोण?"

"ती."

"कुठे उठलीये? दोनदा विचारलं मी, झोप लागली का म्हणून. उत्तरच देत नाही." आई जरा दुखावलेल्या होत्या. "आणि त्या ग्रिलवाल्याने आज फाटक केलं. अख्खं लोखंडी फाटक. सकाळपासून कापत होता. मलासुद्धा ऐकू आलं."

मास्तरांनी बोटांवर मोजलं. साडेनऊ ते साडेसहा. त्यांनी दार लोटलं. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, पंख्याची घरघर, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी सिस्टरचं घोरणं. सावकाश, एका लयीत. हे घोरणं त्यांनी तीन महिन्यांत ऐकलं नव्हतं. ते तिथेच उभे राहिले. सोळा दिवस पाय न वाजवता वावरल्यावर आता या बाईला उठवायचं म्हणजे आपल्याच हाताने नवा कोट फाडल्यासारखं वाटत होतं. पण पावणेआठला वॉर्डात पोचायला हवं होतं.

"अगं," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अगं ए."

काही नाही.

त्यांनी चाचपडत खिडकी गाठली. पल्ला ओढायला गेले तर धरायला काहीच नव्हतं, सगळी सपाट गादी. नखांनी प्रयत्न केला, अंगठा ठणकला. शेवटी गळ्यातल्या टेपचा पत्रा फटीत घालून त्यांनी तो उचकटला. संध्याकाळचा उजेड आत आला आणि भिंतीवर पसरला.

सिस्टरनी एक डोळा उघडला. "किती वाजले?"

"पावणेसात."

"सकाळचे?"

"संध्याकाळचे."

सिस्टर उठून बसल्या. गालावर उशीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या, एका बाजूचे केस उभे. बराच वेळ त्या खिडकीकडे बघत होत्या, जणू ती आज पहिल्यांदाच तिथे आलीये. "ग्रिलवाला आला नाही का आज?"

"अख्खं फाटक केलं त्याने."

त्या उठल्या. तोंड धुतलं, गणवेश चढवला, उभ्या उभ्या अंडी-पाव खाल्ला, दोन अंडी खाऊन तिसरं मागितलं. मास्तर मागे मागे फिरत होते, विचारायचं धाडस होत नव्हतं. पर्स खांद्याला अडकवून त्या दाराशी गेल्या, चपला पायात सरकवल्या आणि वळल्या.

"एक राहिलंय तुमचं."

"काय?"

"त्या पल्ल्यांना ओढायला मूठ नाही. माणसाने उठल्यावर उघडायचं कसं?"

"हात्तिच्या," मास्तर म्हणाले. "लावतो की. शनिवारी लावतो."

"शनिवारी दिवसा नको," सिस्टर पायऱ्या उतरत म्हणाल्या. "शनिवारी मी झोपलेली असेन. आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही. संध्याकाळी लावा."

त्या जिन्याच्या वळणाला दिसेनाशा झाल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं की त्या काय बोलून गेल्या. ते चार पायऱ्या धावत खाली गेले, मग थांबले. रस्त्यावर सिस्टर भराभर चालत होत्या, सोळा दिवसांपूर्वी चालायच्या त्याच्या दुप्पट वेगाने, आणि समोरून येणाऱ्या ग्रिलवाल्याला काहीतरी विचारत होत्या. ग्रिलवाला हाताने फाटकाची उंची दाखवत होता.